पायाखालचा सातबारा

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आमच्या अंगणात एक खड्डा खणायला काढला. गच्चीवर पडणारे पावसाचे पाणी गटारात सोडून द्यायचे आणि मार्च उजाडला की टँकरची वाट पाहायची, हा पुणेरी शहाणपणा आता पुरे झाला असे वाटून शोषखड्डा करायचे ठरवले होते. वारज्याच्या मजूर अड्ड्यावरून दोघे जण आले. त्यांतल्या वयस्काने पहार उचलण्याआधी चौफेर नजर फिरवली आणि विचारले, "काका, हितं खाली काय हाय का?" मी चहाचा कप घेऊन ओट्यावर उभा होतो. म्हणालो, "काही नाही. खुशाल खणा."

दोन फुटांवर विटा लागल्या. सुट्या नव्हेत, ओळीने, एकीला एक लावून ठेवलेल्या. मी वरूनच म्हणालो, "जुन्या बांधकामाच्या असतील, काढून टाका." त्या गृहस्थांनी पहार बाजूला ठेवली, खड्ड्यातून वर आले आणि शांतपणे म्हणाले, "ह्या बांधकामाच्या न्हाईत काका. ह्या झाकणाच्या हायेत." मग त्यांनी वाकून हाताने एक वीट उचलली. खाली वाळू होती. आमच्या भागात काळी माती आणि तिच्याखाली मुरूम. वाळू आपल्या पायांनी येत नाही, ती कुणीतरी आणून टाकावी लागते. वाळू बोटांनी बाजूला सारली तेव्हा मनगटाएवढी जाड काळी केबल दिसली. दुसऱ्या दिवशी लाइनमन येऊन तपासून गेले. केबल चालू होती.

ती कुणाची, हा शोध पुढे चार दिवस चालला. मागच्या प्लॉटवरच्या कुटुंबाने फार पूर्वी थ्री-फेज घेतले होते आणि त्यांना रस्त्याकडून जवळची वाट आमच्या कुंपणालगतच्या मोकळ्या पट्ट्यातून होती. पण तशी परवानगी दिली कुणी? उत्तर माझ्याच कपाटात मिळाले. 'घर' असे लिहिलेल्या वडिलांच्या फायलीत १९८४ सालच्या एका पत्राची कार्बन प्रत होती. 'माझ्या जागेतून जमिनीखालून केबल नेण्यास माझी हरकत नाही', असा मजकूर आणि खाली वडिलांची सही. वडील जाऊन बरीच वर्षे झाली. फाइल मी कितीदा तरी हाताळली असेल, ती घरपट्टीच्या पावत्यांसाठी. ते पत्र मी कधी वाचले नव्हते. आणि तरीही मी 'काही नाही' असे म्हणालो होतो.

माझे आयुष्य बँकेत गेले. घरकर्जाच्या शेकडो प्रकरणांवर मी सह्या केल्या. त्या सह्यांआधी वकिलांकडून शोध-अहवाल मागवायचा, तीस वर्षांचे व्यवहार तपासून घ्यायचे, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पाहायचे, 'इतर हक्क' हा रकाना तर दोनदा वाचायचा, ही माझी सवय होती. कुणाचा बोजा आहे का, कुणाची वहिवाट आहे का, कूळ आहे का, बहिणींचा हिस्सा राहिला आहे का. एवढे सगळे निर्वेध निघाल्याशिवाय मी कुणाला पाच पैसे दिले नाहीत. मात्र काळाच्या दिशेने तीस वर्षे मागे जाणारी ही आमची चिकित्सा जमिनीच्या दिशेने तीन फूटही खाली जात नसे. ज्या जमिनीवर लाखांची कर्जे दिली, तिच्या पोटात काय आहे हे कुणी विचारले नाही आणि कुणी विचारले असते तरी सांगणारे दप्तर नव्हते. आजही नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

जमिनीखालच्या वस्तूची नोंद जमिनीच्या कागदावर सापडावी, असा एकच प्रकार मी नोकरीत पाहिला. तेल आणि वायूच्या मोठ्या वाहिन्यांसाठी १९६२ चा एक केंद्रीय कायदा आहे. त्यात सरकार जमीन घेत नाही, जमिनीच्या वापराचा हक्क तेवढा घेते. शेत शेतकऱ्याचेच राहते, तो पीकही घेऊ शकतो. पण त्या पट्ट्यात त्याला घर बांधता येत नाही, विहीर वा तळे खणता येत नाही, झाड लावता येत नाही. हा हक्क मी अनेक सातबाऱ्यांच्या 'इतर हक्क' रकान्यात चढलेला पाहिला आहे. म्हणजे ज्या शेतातून देशाची वाहिनी जाते, त्या शेतकऱ्याला पायाखाली काय आहे हे कागद पाहून कळू शकते. शहरातल्या बंगल्याच्या आणि सोसायटीच्या अंगणाला मात्र ही सोय नाही.

पूर्वी काय होते? पूर्वी खाली फार काही नव्हते, आणि जे होते त्याची वर खूण असे. अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या तलावातून पुण्यात भुयारी नळाने पाणी आणले गेले. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. हवा खेळावी, गाळ काढता यावा, हा त्यांचा उद्देश. पण त्यांचा आणखी एक उपयोग होता. पाणी कुठून चालले आहे हे जमिनीवरून चालणाऱ्याला दिसत असे. मलिक अंबरने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर आणली तिच्याही वाटेवर अशी तोंडे आणि मनोरे आहेत. पुढे शहर वाढले, उच्छ्वास बुजले, आणि २०१९ साली स्वारगेटला मेट्रोसाठी खोदताना पाण्याचे जुने भुयार हाती लागले तेव्हा ती वर्तमानपत्रांची बातमी झाली. आपल्याच गावाच्या पाण्याची वाट आपल्यालाच 'सापडते', यात कौतुकापेक्षा विस्मरणाचा भाग अधिक आहे.

दगडी नळानंतर लोखंडी नळ आले आणि त्यांच्याबरोबर चावीवाले आले. कुठल्या गल्लीत व्हॉल्व्ह कुठे आहे, कुठला नळ कुठे वळतो, कुठल्या वाड्याचे कनेक्शन कुठून घेतले आहे, हे सगळे त्यांच्या डोक्यात असे. गळती कुठे आहे हे ते रात्री, रहदारी थांबल्यावर, लोखंडी गज जमिनीला टेकवून त्याचे दुसरे टोक कानाला लावून सांगत. नकाशे कचेरीत असत. ते बरोबर आहेत की नाही हे चावीवाल्याला विचारून ठरे. अशी माणसे निवृत्त होत गेली. त्यांच्या जागी कंत्राटी माणसे आली, ती दर दोन-तीन वर्षांनी बदलू लागली. बँकेतही आम्ही हे पाहिले. जुना हेडकॅशियर निवृत्त झाला की त्याच्याबरोबर निम्मी शाखा जाई. पण बँकेत निदान खातेवही मागे राहत असे.

माणसांची स्मृती अशी आटत असताना जमिनीखालचा पसारा मात्र वाढत होता. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी अंगणाखाली फार तर पाण्याचा नळ, सांडपाण्याची चिनी मातीची नळी आणि क्वचित विजेची नि टेलिफोनची तार असे. मुंबईत नळाच्या गॅसची कंपनी १९९५ साली स्थापन झाली, पुण्यात २००६ साली. त्यानंतर इंटरनेटची फायबर केबल आली, एका कंपनीची नव्हे, चार कंपन्यांची. सोसायट्यांनी फाटकापर्यंत कॅमेऱ्यांच्या तारा नेल्या, बागेत दिव्यांसाठी वायरी पुरल्या, बोअरच्या पंपाची केबल टाकली. पुनर्विकासात इमारत पडते. तिच्या जुन्या केबली आणि नळ मात्र सगळेच उपटले जात नाहीत. मेलेल्या तारांमध्ये एखादी जिवंत असते आणि मातीखाली दोन्ही सारख्याच दिसतात.

खोली किती असावी याची प्रमाणे आहेत. वीज केबलींसाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे घरगुती दाबाची केबल निदान ७५ सेंटिमीटर, ११ हजार व्होल्टची ९० आणि ३३ हजार व्होल्टची १०५ सेंटिमीटर खाली असावी. भोवती वाळू आणि वर विटा वा फरशा असाव्यात. सरकारी दूरसंचाराच्या फायबरसाठी १.६५ मीटर खोलीचे माप ठरलेले आहे. ही मापे चांगलीच आहेत. पण ती केबल टाकली त्या दिवशीच्या जमिनीपासूनची. नंतर कुणी अंगणाला उतार काढला, कुणी माती काढून फरशी बसवली, कुणी भर घातली. जमिनीची पातळी बदलते, केबल जागीच राहते. शिवाय रंगांवर विसंबावे तर तेही फसवे. गॅसची प्लॅस्टिक नळी पिवळी किंवा केशरी असते, हे खरे. पण विजेच्या आणि फायबरच्या केबली ज्यांतून ओवतात त्या नळ्याही पुष्कळदा केशरीच असतात.

आता या प्रश्नाचे मोठे रूप पाहू. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत एके दिवशी रिक्षा-टॅक्सींच्या रांगा पंपांबाहेर लागल्या आणि दोन-तीन दिवस हटल्या नाहीत. शहराला वायू पुरवणाऱ्या मुख्य वाहिनीला एका कारखान्याच्या आवारात इजा झाली होती. निवेदनात शब्द होते, 'तिसऱ्या पक्षाकडून नुकसान'. हा शब्दप्रयोग मला बँकेतल्या पत्रांची आठवण करून देणारा वाटला. तिसरा पक्ष म्हणजे ज्याची वाहिनी नाही आणि ज्याला वायूही नको आहे. तो आपल्या कामासाठी जमिनीशी काही करत होता. जमिनीखालच्या बहुतेक अपघातांत हा तिसरा पक्षच असतो, आणि बहुतेक वेळा त्याला खाली काय आहे हे ठाऊक नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अंधेरीला मेट्रोच्या खोदकामात १,८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली आणि पश्चिम उपनगरांतल्या लोकांना पाण्यावाचून राहावे लागले. त्याच वर्षी ३१ मार्चपासून मुंबईत महिनाभरासाठी १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली. कारण भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राकडे पाणी नेणारा ५,५०० मिलिमीटर व्यासाचा बोगदा दुरुस्त करायचा होता. त्याला भोक पडले होते ते ठाण्यात कुणी बोअर खणताना. कोट्यवधींच्या शहराचे पाणी आणि एका जागेतली एक बोअर! आपले घरगुती खोदकाम ही घरगुती बाब आहे, हा समज किती भाबडा आहे ते यावरून दिसावे.

परदेशांनी याहून जबर किंमत मोजली आहे. दक्षिण कोरियातल्या देगू शहरात २८ एप्रिल १९९५ रोजी एका दुकानाच्या इमारतीसाठी चाललेल्या खोदकामात गॅसची नळी फुटली, वायू शेजारच्या भुयारी रेल्वेच्या खोदाईत साठला आणि स्फोटात १०१ माणसे गेली. त्यांत शाळेला निघालेली मुले पुष्कळ होती. बेल्जियममध्ये गिसलेंगिएन येथे ३० जुलै २००४ रोजी वायुवाहिनी फुटून २४ जण मरण पावले. ती वाहिनी त्या दिवशी तोडली नव्हती. आधीच्या बांधकामात यंत्राने तिला ओरखडा काढला होता आणि दाब वाढल्यावर ती तिथेच उकलली. यातून शिकण्याजोगी गोष्ट ही की, 'लागले, पण काही झाले नाही' असे म्हणून माती लोटून देणे हा सर्वांत मोठा गुन्हा आहे. नळीला नुसता ओरखडा गेला असेल तरी ज्याची नळी त्याला कळवलेच पाहिजे.

आपल्याकडे काहीच झालेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचाराच्या पायाभूत सुविधांच्या सुरक्षेचे नियम अधिसूचित झाले. खोदकामाने अशा सुविधेला इजा होण्याचा संभव असेल तर खोदणाऱ्याने आधी सामाईक पोर्टलवर सूचना द्यावी, असे ते सांगतात. त्याच वर्षी २२ मार्चला पंतप्रधानांच्या हस्ते 'कॉल बिफोर यू डिग' या अ‍ॅपचे उद्घाटन झाले. गांधीनगरच्या भास्कराचार्य संस्थेने ते तयार केले. खोदणाऱ्याने जागा आणि वेळ कळवायची. ज्यांच्या वस्तू त्या जागी असतील त्यांना निरोप जातो आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांशी बोलून घ्यायचे, अशी ही व्यवस्था. त्या वेळी सरकारनेच आकडा दिला होता की, देशात वर्षाला सुमारे दहा लाख वेळा फायबर केबल तुटते आणि सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते.

कल्पना उत्तम आहे. पण तिचा जन्म केबल वाचवण्यासाठी झाला आहे, माणूस वाचवण्यासाठी नव्हे, आणि तिचे गिऱ्हाईक म्हणून जे डोळ्यांसमोर आहेत ते रस्ते खोदणारे मोठे कंत्राटदार आहेत. कडीपत्त्याचे झाड लावणारा, सेप्टिक टँक दुरुस्त करणारा, कुंपणाचे खांब रोवणारा घरमालक त्यात बसवता येईल. पण त्याला तसे कुणी सांगितलेले नाही. त्या मे महिन्यात माझ्या मोबाइलमध्ये नाना तऱ्हेची अ‍ॅपे होती, हे नव्हते. असते तरी आमच्या मागच्या घराची १९८४ सालची केबल त्यात कुणी चढवली असती काय? व्यवस्था तेवढीच शहाणी असते, जेवढी तिच्यात माहिती असते.

माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. तिकडे गेलो असताना जावयाने अंगणात मेपलचे झाड लावायचे काढले. मला वाटले, रविवारी सकाळी कुदळ घेऊन उतरेल. त्याने ८११ हा क्रमांक फिरवला. अमेरिकेत हा क्रमांक २००५ साली ठरवण्यात आला आणि २००७ पासून देशभर चालू झाला. मग कामाचे तीन दिवस थांबायचे. त्या तीन दिवसांत एकेका कंपनीचा माणूस आला आणि हिरवळीवर रंग मारून, छोटी निशाणे रोवून गेला: विजेला लाल, गॅसला पिवळा, दूरसंचाराला नारिंगी, पाण्याला निळा, सांडपाण्याला हिरवा. जावयाकडून कुणी पैसे घेतले नाहीत. मी बँकवाल्याच्या स्वभावाने विचारले, याचा खर्च कोण करते? उत्तर साधे होते: ज्यांच्या वाहिन्या आहेत ते. तुटलेली वाहिनी दुरुस्त करण्यापेक्षा आधी दाखवलेली स्वस्त पडते. मात्र त्या माणसांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. मीटरपर्यंतचे आम्ही दाखवतो; मीटरपासून पुढे तुम्ही जे पुरले असेल, ते तुमचे तुम्हाला ठाऊक. म्हणजे तिथेही घरमालकाची सुटका नाही.

मग यंत्रे आणून शोधता येत नाही का? येते, पण काय दिसते आणि काय दिसत नाही हे माहीत हवे. केबल शोधणारे हातयंत्र तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र टिपते, किंवा आपण तारेवर सोडलेला संदेश ऐकते. प्लॅस्टिकची नळी त्याला दिसत नाही. आणि याहून घातक गोष्ट म्हणजे, केबलला दाब आहे पण दुसऱ्या टोकाला काही चालू नाही, अशा वेळी प्रवाह जवळजवळ नसतो आणि यंत्र गप्प राहते. ती केबल यंत्राला दिसत नाही, पहारीला मात्र लागते. जमिनीत रेडिओलहरी सोडणारे रडार प्लॅस्टिकही दाखवू शकते. परंतु ओल्या चिकण मातीत या लहरी शोषल्या जातात आणि आपल्या देशावरच्या काळ्या मातीत तीच अडचण येते. एकूण यंत्र 'आहे' म्हणाले तर मानावे, 'नाही' म्हणाले तर मानू नये. पाणाड्याच्या हातातली काटकी हलल्यावर आपण हजारो रुपये बोअरमध्ये घालतो, त्या श्रद्धेने या यंत्राकडे पाहून चालणार नाही.

तेव्हा मूळ उपाय दप्तराचा आहे, आणि दप्तर कसे उभे राहते याचा एक अनुभव बँकांच्या गाठी आहे. एकच सदनिका तीन बँकांकडे तारण ठेवून तीन कर्जे घेणारे महाभाग आमच्या काळी कमी नव्हते. प्रत्येक बँकेकडे आपापली नोंद असे, दुसऱ्याची दिसत नसे. मार्च २०११ पासून केंद्रीय नोंदणी सुरू झाली. आम्ही तिला 'सरसाई' म्हणत असू. तारण घेतले की तिथे नोंद करायची, आणि कर्ज देण्यापूर्वी तिथे शोध घ्यायचा. आम्ही सुरुवातीला कुरकुर केली, जुन्या प्रकरणांच्या नोंदी करताना शाखांचा घाम निघाला. पण एकदा बँकांना ती चुकवता येईना, तसे दप्तर भरत गेले. भूमिगत वाहिन्यांचेही असेच करता येईल. नवी वाहिनी टाकली की तिचे खरे माप, माती लोटण्यापूर्वी, नोंदवल्याशिवाय कंत्राटदाराचे शेवटचे बिल निघू नये. पुनर्विकासात भोगवटापत्र देताना आवाराचा भूमिगत नकाशा जोडणे सक्तीचे करावे. आणि घरकर्ज देणाऱ्या बँकांनी, ज्यांच्यात मी स्वतःला अजून धरतो, शोध-अहवालात त्याची एक ओळ मागावी.

यावर आक्षेप येतो तो सुरक्षेचा. देशाच्या तारा आणि नळ कुठून जातात हे सर्वांना दाखवायचे काय? हा आक्षेप पोकळ नाही. पण ८११ ची पद्धत नकाशा वाटत नाही, ती प्रश्नाला उत्तर देते. विचारणाऱ्याला त्याच्या अंगणापुरते सांगायचे, सांगणाऱ्याने विचारणाऱ्याची नोंद ठेवायची. बँकही खातेदाराला त्याचीच शिल्लक सांगते, सर्वांची नव्हे. दुसरा आक्षेप असा की, आपले लोक तीन दिवस थांबणार नाहीत. कदाचित नाही थांबणार. पण त्यांना थांबण्याजोगी व्यवस्था आपण अजून दिलेली नाही, तेव्हा त्यांच्या उतावळेपणाची परीक्षाही झालेली नाही.

ती होईपर्यंत घरमालकाच्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. घराची जुनी फाइल काढून वाचावी, नुसती पावत्यांसाठी चाळू नये. शेजाऱ्यांना विचारावे, विशेषतः मागच्या आणि वयस्कर शेजाऱ्यांना. विजेचा मीटर, पाण्याचा मीटर, गॅसचा व्हॉल्व्ह आणि सांडपाण्याची चेंबरे कुठे आहेत ते पाहून त्यांच्यातून सरळ रेषा मनाने ओढाव्यात. मात्र वाहिन्या सरळच जातात असे समजू नये. वीज, पाणी आणि गॅस यांच्या कार्यालयांना आधी कळवावे. जेसीबी अंगणात आणण्यापूर्वी हाताने चाचणीचा खड्डा घ्यावा, फावड्याने माती थराथराने काढावी, पहारीचा घाव घालू नये. विटा, फरशी, वाळू किंवा इशाऱ्याची प्लॅस्टिक पट्टी लागली की हात थांबवावा. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला आणि मोबाइलला हात न लावता सर्वांना दूर न्यावे आणि दुरून फोन करावा.

एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. घरात आजकाल गळती होताच वीज तोडणारे यंत्र बसवतात. ते ३० मिलिअँपिअरला, म्हणजे माणसाचा जीव जाण्याआधी, वीज तोडते. म्हणून आपल्याला निर्धास्त वाटते. पण मीटरच्या अलीकडच्या केबलला ते संरक्षण नसते. तिच्या पाठीशी असतो रस्त्यावरच्या पेटीतला फ्यूज, आणि तो केबलच्या रक्षणासाठी असतो. माणूस मरायला जेवढा प्रवाह पुरतो, तो त्या फ्यूजच्या खिजगणतीतही नसतो.

वीज कायद्याच्या १३९ व्या कलमात निष्काळजीपणाने विजेच्या साहित्याचे नुकसान करणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. साहित्याचा हा हिशेब झाला. अड्ड्यावरून रोजावर आणलेल्या माणसाचा हिशेब कोण करणार? त्याचा विमा नसतो, हजेरीपट नसतो, त्याचे पूर्ण नावही आपल्याला बहुधा ठाऊक नसते. तो विचारतो, 'खाली काय आहे का?' आणि आपण जे सांगू ते त्याचे एकमेव दप्तर असते. त्या दिवशी मी त्याला खोटा शोध-अहवाल दिला होता. बँकेत असे केले असते तर माझ्यावर चौकशी बसली असती, आणि योग्यच झाले असते.

मी आता आमच्या आवाराचा नकाशा काढला आहे. आलेखाच्या कागदावर, कुंपणाच्या भिंतीपासून फुटांत मापे घेऊन, जे दिसले ते पक्क्या रेषेने आणि जे ऐकले ते तुटक रेषेने. एक प्रत खरेदीखताबरोबर ठेवली, एक मागच्या शेजाऱ्यांना दिली, एक प्लॅस्टिकमध्ये घालून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवली. दोन तासांचे काम होते. चाळीस वर्षे कुणी केले नव्हते.

शोषखड्डा शेवटी दुसऱ्या कोपऱ्यात झाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात. तेच दोघे आले होते. वयस्क गृहस्थांनी पुन्हा चौफेर पाहिले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी या वेळी नकाशा त्यांच्यापुढे धरला आणि ही केबल, हा नळ, हे चेंबर, इथे मोकळे, असे बोट ठेवून दाखवले. त्यांनी तो नीट पाहिला, मान डोलावली आणि पहार भिंतीला टेकवून फावडे घेतले.

"कागूद बरा हाय काका," ते म्हणाले, "पर दोन फुटापातुर हातानंच काढतो."